अटक केली, मग हिंसा थांबली का? मिनिआपोलिसचा प्रयोग वाचताना

रात्री पोलिसांना फोन येतो. एका घरात नवऱ्याने, किंवा सोबत राहणाऱ्या जोडीदाराने, बाईला मारलंय. पोलीस पोचतात तेव्हा दोघंही घरातच आहेत. हाड मोडलेलं नाही, हत्यार नाही. कायद्याच्या भाषेत 'किरकोळ' म्हणता येईल अशी मारहाण आहे. आता पोलिसांनी काय करायचं? त्याला अटक करायची? दोघांची समजूत घालायची? की त्याला काही तासांसाठी घराबाहेर पाठवायचं?

या प्रश्नावर प्रत्येकाचं मत असतं, आणि ते बहुतेक वेळा ठाम असतं. पण अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात १९८१-८२ मध्ये तो प्रश्न चक्क चिठ्ठी टाकून तपासला गेला. लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क यांचा त्यावरचा पेपर १९८४ मध्ये 'अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू'मध्ये आला. माझा विषय समाजशास्त्र नाही, मी विज्ञान शाखेची. तरीही पीएचडीच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाने हा पेपर आणि त्याच्यानंतरची तीस वर्षं एकदा तरी वाचावीत असं मला वाटतं. प्रयोगाची रचना चांगली असूनही प्रश्न चुकीच्या जागी कसा मोजला जातो, हे इतकं स्वच्छ दिसणारी उदाहरणं फार नाहीत.

आधी प्रयोग समजून घेऊ

त्या काळी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पोलिसांचा कल समजूत घालण्याकडे होता. 'घरातली भांडणं' म्हणून विषय मिटवला जायचा. याविरुद्ध १९७० च्या दशकात न्यूयॉर्क आणि ओकलंडमध्ये बायकांनी थेट पोलीस खात्यांवर दावे लावले होते. मारणारा परका असता तर तुम्ही अटक केली असती, मग नवरा आहे म्हणून सूट का, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे अटकेची मागणी संशोधकांनी काढलेली नाही, ती चळवळीतून आली होती. संशोधकांनी तिची चाचणी घेतली.

चाचणी अशी. प्रयोगात सामील झालेल्या पोलिसांना रंगीत फॉर्मचं पॅड दिलं होतं. तीन रंग, तीन उपाय: अटक, सल्ला किंवा मध्यस्थी, आणि मारणाऱ्याला आठ तासांसाठी घराबाहेर पाठवणं. फॉर्मचे रंग रँडम क्रमाने लावलेले. वरचा फॉर्म ज्या रंगाचा असेल तो उपाय करायचा. गंभीर जखमेची प्रकरणं आधीच वगळलेली होती. अशी ३१४ प्रकरणं विश्लेषणात आली. पुढचे सहा महिने दोन गोष्टी पाहिल्या गेल्या: त्या पुरुषाविरुद्ध पोलिसांत पुन्हा नोंद झाली का, आणि दर दोन आठवड्यांनी त्या बाईची मुलाखत घेऊन, तिला पुन्हा मारहाण झाली का.

पोलीस फाउंडेशनच्या अहवालातले आकडे असे. पोलीस नोंदींनुसार अटक गटात १० टक्के पुरुषांनी पुन्हा हिंसा केली, सल्ला गटात १९ टक्के, बाहेर पाठवलेल्या गटात २४ टक्के. मुलाखतींनुसार हेच आकडे अनुक्रमे १९, ३७ आणि ३३ टक्के. दोन्हीकडे अटक गट सगळ्यात खाली.

निष्कर्षाची बातमी झाली, आणि मोठी झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने नेमलेल्या कार्यदलाने अटकेची शिफारस केली. कनेक्टिकटमधल्या टॉरिंग्टन शहराविरुद्धच्या खटल्यात, वारंवार तक्रार करूनही संरक्षण न मिळालेल्या एका बाईच्या बाजूने ज्युरीने २३ लाख डॉलरची भरपाई ठरवली. शहरांना अटक न करण्याची भीती वाटू लागली. पुढच्या काही वर्षांत अनेक राज्यांनी अशा प्रकरणांत अटक सक्तीची केली किंवा तिला प्राधान्य दिलं. हे सगळं एका पेपरने घडवलं असं म्हणणं चूक ठरेल. पण ज्यांना ते घडवायचं होतं त्यांच्या हातात आता 'विज्ञान सांगतं' हे वाक्य होतं.

लेखकांच्या बाजूची एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. पेपरमध्ये त्यांनी सरसकट सक्तीची अटक मागितली नव्हती. अटक हा नेहमीचा मार्ग असावा, पण ठोस कारण असेल तर अपवाद करता यावा, अशी त्यांची भूमिका होती. आणि प्रयोग दुसऱ्या शहरांत पुन्हा व्हायला हवा, हेही त्यांना मान्य होतं. पेपरमधली सावध वाक्यं बातमीपर्यंत पोचत नाहीत, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

नेहमीचे आक्षेप

जर्नल क्लबमध्ये हा पेपर ठेवला तर पहिले तीन आक्षेप काय येतील ते सांगता येतं.

एक, नमुना लहान. बरोबर. तीन गटांत ३१४ म्हणजे प्रत्येक गटात साधारण शंभर. पोलीस नोंदींतला १० आणि २४ टक्क्यांमधला फरक म्हणजे प्रत्यक्षात दहा-पंधरा पुरुषांचा फरक. इतक्या माणसांवर देशाचं धोरण उभं राहिलं.

दोन, काम करणारे पोलीस मोजकेच. प्रयोगातली २८ टक्के प्रकरणं फक्त तीन पोलिसांनी आणली होती. मग आपण 'अटक' मोजतोय की त्या तिघांची अटक करण्याची पद्धत?

तीन, चिठ्ठीत आलेला उपाय प्रत्येक वेळी झालाच नाही. अटक नेमलेल्या जवळजवळ सगळ्यांना, म्हणजे ९९ टक्के पुरुषांना, अटक झाली. पण सल्ला नेमलेल्यांपैकी ७८ टक्क्यांनाच सल्ला मिळाला, आणि बाहेर पाठवायच्या गटात ७३ टक्क्यांनाच बाहेर पाठवलं गेलं. उरलेल्यांपैकी बरेच जण अटकेकडे सरकले. हे सरकणं रँडम नव्हतं. जो पोलिसांच्याच अंगावर आला त्याला समजावत कोण बसणार? अशा वेळी ज्याला जो उपाय चिठ्ठीत आला त्याला त्याच गटात धरून मोजायचं, प्रत्यक्ष काहीही झालेलं असो, हा औषधांच्या चाचण्यांतला नियम आठवा. लेखकांनी इथे सांख्यिकी दुरुस्ती वापरली. त्यावर बराच वाद झाला, पण तिन्ही आक्षेपांपैकी एकही पेपरला मोडीत काढण्याइतका जड नाही.

शिवाय या आक्षेपांना उत्तर द्यायचा रस्ता सरळ आहे: प्रयोग पुन्हा करा. आणि तो केला गेला. ओमाहा, शार्लट, मिलवॉकी, कोलोरॅडो स्प्रिंग्ज आणि मायामी परिसरातलं डेड काउंटी, अशा पाच ठिकाणचे निकाल १९९० च्या सुमारास आले. ओमाहा आणि शार्लटमध्ये अटकेचा काही फायदा दिसला नाही. बाकी ठिकाणी निकाल मिश्र. पुढे मॅक्सवेल, गार्नर आणि फेगन यांनी २००१ मध्ये पाचही ठिकाणची मिळून ४,०३२ प्रकरणं एकत्र अभ्यासली. त्यांचा निष्कर्ष असा की अटकेने हिंसा थोडी कमी होते, पण परिणाम माफक आहे, आणि पुन्हा पुन्हा झालेल्या हिंसेचा मोठा भाग थोड्याच पुरुषांच्या नावावर आहे.

इथे थांबलो तर गोष्ट छान आहे. पहिला निकाल फार मोठा दिसला, पुनरावृत्तीने तो जमिनीवर आला, विज्ञान स्वतःला सुधारतं. पण मला वाटतं मुख्य अडचण नमुन्याच्या आकारात नव्हतीच. म्हणून ती नमुना वाढवूनही गेली नाही.

फोन कोण करतं?

पोलीस नोंदीतली 'पुन्हा हिंसा' कशी तयार होते ते पाहा. मारहाण होते. मग कुणीतरी, बहुतेक वेळा तीच बाई, फोन करते. मग पोलीस येतात. मग ते नोंद करतात. या साखळीतली कुठलीही कडी तुटली की आकडा खाली येतो.

आता समजा अटक झालेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी येतो आणि म्हणतो, पुन्हा फोन केलास तर बघ. तिने पुढच्या वेळी फोन केला नाही. नोंद शून्य. अटकेने हिंसा थांबली तरी नोंद शून्य, अटकेने तिचं तोंड बंद झालं तरी नोंद शून्य. तिच्यासाठी या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, आणि आपलं मोजमाप दोन्हींना एकच गुण देतं.

'म्हणून तर मुलाखती घेतल्या होत्या,' असं उत्तर मिळेल. योग्य उत्तर आहे. मुलाखतीत फोनची कडी गळून पडते, आणि दोन वेगळ्या मोजमापांनी एकच दिशा दाखवली ही या पेपरची खरी ताकद आहे. फक्त मुलाखती किती झाल्या तेही बघा. सुरुवातीची मुलाखत सुमारे ६२ टक्के बायकांची झाली. सहा महिन्यांतल्या बाराच्या बारा मुलाखती पूर्ण करणाऱ्या निम्म्याहून किंचित कमी.

लेखकांनी तपासलं की तीन गटांत मुलाखतीला नकार देण्याचं प्रमाण वेगळं आहे का. नव्हतं. इथे बरेच विद्यार्थी सुटकेचा श्वास टाकतात: गळती सगळीकडे सारखी, मग तुलना ठीक. पण गळतीचं प्रमाण सारखं असणं आणि गळलेल्या बायका सारख्या असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सल्ला गटातली एखादी घर बदलून गेली म्हणून सापडली नसेल. अटक गटातली एखादी शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला घाबरून बोलली नसेल. टक्केवारीच्या रकान्यात दोघी एकच. ज्या अभ्यासाचा विषयच धाक आहे, त्यात उत्तर न देणारी व्यक्ती ही फक्त 'मिसिंग डेटा' नसते. ती गैरहजर असणं हाच कदाचित त्या अभ्यासाचा निकाल असतो.

तिची इच्छा कुठे आहे?

पेपरचा हा भाग मला सगळ्यात जास्त खटकतो, आणि तो पद्धतीच्या विभागात एका वाक्यात येऊन जातो. पोलिसांना चिठ्ठीपासून फारकत घ्यायची मुभा काही परिस्थितींत होती: संशयिताने पोलिसांवर हल्ला केला तर, दोघंही जखमी असतील तर, आणि बाईने अटकेचा आग्रह लावून धरला तर.

म्हणजे मार खाल्लेल्या बाईला काय हवंय, हे या रचनेत प्रयोग बिघडवणारं कारण म्हणून नोंदलं गेलं. रँडम प्रयोगाच्या तर्काने पाहिलं तर त्यात काही गैर नाही. निवड बाहेर ठेवायची म्हणूनच तर चिठ्ठी टाकतात. पण या प्रश्नात तिची निवड हाच उपायाचा भाग असू शकतो.

तसा असू शकतो याची एक खूण दुसऱ्या प्रयोगात सापडते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडियानापोलिस शहरात डेव्हिड फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खटल्याच्या टप्प्यावर प्रयोग केला. स्वतः तक्रार घेऊन आलेल्या बायकांपैकी काहींना हवं तर खटला मागे घेण्याची परवानगी दिली, काहींना नाही. कडक धोरणवाल्यांना वाटेल की परवानगी दिली की नवरे दबाव टाकून खटले बंद पाडणार. ज्यांनी खटला मागे घेतला त्यांना फारसं संरक्षण मिळालं नाही, हे खरंच. पण ज्यांच्या हातात मागे घ्यायची मुभा होती, आरोपीविरुद्ध वॉरंट निघालं होतं, आणि तरीही ज्या मागे हटल्या नाहीत, त्या पुढच्या काळात सगळ्यात सुरक्षित राहिल्या. फोर्ड यांची मांडणी अशी की खटला ही तिच्या हातातली ताकद ठरली.

हे वाचून लगेच टाळ्या वाजवू नका. परवानगी रँडम होती, पण खटला मागे घेणं किंवा न घेणं रँडम नव्हतं. ज्या टिकल्या त्यांच्याकडे कदाचित माहेरचा आधार, नोकरी, जवळचं माणूस आधीपासून होतं. तरीही एक प्रश्न उरतो, जो मिनिआपोलिसच्या रचनेला विचारताच येत नव्हता: त्याला जबाबदार धरताना लगाम कुणाच्या हातात होता?

मिलवॉकी, आणि तेवीस वर्षांनंतर

पुनरावृत्तींमध्ये मिलवॉकीचा प्रयोग मोठा होता: १,२०० प्रकरणं, १९८७-८८. इथेही नेतृत्व शर्मन यांचंच, आणि निकाल त्यांच्याच पहिल्या निष्कर्षाला अडचणीत आणणारा. नोकरी असलेल्या पुरुषांमध्ये अटकेने हिंसा कमी झाली. बेकार पुरुषांमध्ये ती वाढली. गमावण्यासारखं काही असेल तर अटक झोंबते, नसेल तर फक्त राग वाढतो, असा अर्थ लावला गेला. मिनिआपोलिसमध्ये संशयितांपैकी सुमारे ६० टक्के बेकार होते आणि तरीही तिथे अटक चालली, त्यामुळे हे स्पष्टीकरणही सरळ बसत नाही. पण स्वतःच्या गाजलेल्या निकालाविरुद्ध जाणारा निकाल छापायचा, याला हिंमत लागते. शर्मन यांनी नंतर सक्तीच्या अटकेच्या कायद्यांविरुद्ध उघड भूमिका घेतली.

पुढे २०१५ मध्ये शर्मन आणि हेदर हॅरिस यांनी मिलवॉकीतल्या बायकांचं तेवीस वर्षांनंतर काय झालं ते मृत्यूनोंदींतून पाहिलं. ज्यांच्या जोडीदाराला अटक झाली होती त्यांच्यात हजारी ९३ मृत्यू. ज्यांच्या जोडीदाराला फक्त ताकीद मिळाली होती त्यांच्यात हजारी ५७. म्हणजे ६४ टक्के जास्त. मृत्यूची कारणं बहुतेक हृदयविकारासारखी, खून नव्हे. कृष्णवर्णीय बायकांमध्ये हा फरक ९८ टक्के, गोऱ्या बायकांमध्ये ९ टक्के.

आकडा हादरवणारा आहे, म्हणूनच हळू वाचा. जोखमीच्या गुणोत्तराचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.०२४ पासून २.६२८ पर्यंत जातो. खालचं टोक १ ला जवळजवळ टेकलंय, म्हणजे खरा परिणाम नगण्यही असू शकतो आणि अडीचपटही. उपगटांच्या बावीस चाचण्या केल्या, त्यातल्या चार 'सिग्निफिकंट' निघाल्या; बावीस वेळा नाणं उडवलं की एखादं तरी उभं राहतंच, हे लक्षात ठेवून त्यांच्याकडे पाहायचं. आणि अटकेपासून हृदयविकारापर्यंतची वाट या अभ्यासाने मोजलेलीच नाही. घर चालवणाऱ्याची मिळकत गेली का? ताण? तिच्याच नातेवाइकांनी तिला दोष दिला का? हे सगळे अंदाज.

मग या पेपरचं महत्त्व काय? निष्कर्षापेक्षा मोजमापात. पहिल्या तीस वर्षांत बहुतेक अभ्यास 'त्याने पुन्हा मारलं का' हे विचारत होते. इथे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर विचारलं गेलं: ती जगली का? त्याच लोकांचा, त्याच चिठ्ठ्यांचा प्रयोग. मोजायची गोष्ट बदलली आणि 'यशस्वी' उपाय संशयास्पद झाला.

आधार देणाऱ्या सेवांचे अभ्यास वेगळ्या कपाटात

हिंसेला आळा घालण्याच्या संशोधनात दोन कपाटं दिसतात. एकात अटक, खटला, मारणाऱ्या पुरुषांसाठीचे सुधारवर्ग. दुसऱ्यात निवारागृह, समुपदेशन, कायदेशीर मदत. पहिल्या कपाटातले अभ्यास त्याच्यावर नजर ठेवतात, दुसऱ्यातले तिच्यावर.

दुसऱ्या कपाटातला एक अभ्यास मिनिआपोलिसशेजारी ठेवून वाचा. क्रिस सुलिव्हन आणि डेबोरा बायबी, १९९९. निवारागृहातून बाहेर पडणाऱ्या २७८ बायका, दोन गटांत रँडम विभागलेल्या. एका गटातल्या प्रत्येकीला दहा आठवडे, आठवड्याला चार ते सहा तास, एक प्रशिक्षित विद्यार्थिनी सोबत. काम काय? भाड्याचं घर शोधणं, मुलांची शाळा, नोकरी, वकील, सरकारी कागद. त्या बाईला जे हवं असेल ते. दुसऱ्या गटाला नेहमीच्या सेवा. दोन वर्षांनी पहिल्या गटातल्या साधारण चारांतल्या एकीला या काळात एकदाही शारीरिक हिंसा झाली नव्हती. दुसऱ्या गटात साधारण दहांतल्या एकीला.

यात दोन गोष्टी पाहा. पहिली, हा उपाय पुरुषाला हातही लावत नाही. तरी हिंसा कमी झाली. दुसरी, मुलाखतींची गळती. वारंवार घर बदलणाऱ्या, लपून राहणाऱ्या बायका, दोन वर्षं, आणि तरी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलाखती झाल्या. कारण त्यांनी पहिल्याच दिवशी तिला विचारलं होतं की तुला कुठे, कुणामार्फत, कोणत्या वेळी गाठणं सुरक्षित आहे. सुरक्षेची काळजी आणि डेटाची गुणवत्ता इथे एकच काम झाली.

याही अभ्यासाला टाळ्यांची घाई नको. चारांतली एक वाचली म्हणजे तिघींना पुन्हा हिंसा झालीच. तीन वर्षांनंतर हिंसेतला फरक उरला नाही, जगण्याच्या दर्जातला काही टिकला. आणि सगळं ओझं तिच्याच डोक्यावर: घर तिने सोडायचं, शाळा तिने बदलायची. तो कुठे आहे? पहिल्या कपाटातल्या अभ्यासांत ती हरवते, दुसऱ्यातल्या अभ्यासांत तो. 'अटक झाली आणि सोबत तिला असा आधारही मिळाला' तर काय होतं, हा खरा प्रश्न. तो दोन्ही कपाटांच्या मधल्या फटीत पडून राहतो.

आपल्याकडे याचं काय करायचं?

मिनिआपोलिसचे आकडे उचलून महाराष्ट्रात लावता येणार नाहीत, हे उघड आहे. पण तीच मोजमापाची चूक आपल्याकडेही रोज होते.

४९८-अ कलम १९८३ मध्ये आलं. आता त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ ने घेतली आहे. २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा प्रकरणांत अटक आपोआप करू नये, गरज का आहे याची कारणं पोलिसांनी नोंदवावीत. त्याभोवतीच्या वादात एक युक्तिवाद हमखास येतो: दोषसिद्धीचं प्रमाण कमी, म्हणजे तक्रारी खोट्या. वर वाचलेलं आठवा. खटला पडतो तेव्हा तक्रार खोटी असू शकते. साक्षीदार फिरलेला असू शकतो. दोघांत तडजोड झालेली असू शकते, किंवा तडजोड करायला तिला भाग पाडलेलं असू शकतं. एक आकडा, चार वेगळी कारणं, आणि त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र एकच.

दुसऱ्या बाजूने, नोंदी वाढल्या की हिंसा वाढली असं म्हणणंही तितकंच कच्चं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी १४ टक्क्यांनीच कुणाकडे तरी मदत मागितली होती. ७७ टक्क्यांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. आणि मदत मागणाऱ्यांतही बहुतेक जणी आधी माहेरी जातात, पोलीस ठाण्यात नाही. मग पोलीस ठाण्यातला आकडा वर-खाली होतो तेव्हा नेमकं काय वर-खाली होतंय? एखाद्या ठाण्यात पूर्वी एनसी लिहून परत पाठवायचे आणि आता एफआयआर घेऊ लागले, तर त्या ठाण्याचा आलेख चढेल. तो आलेख तिथल्या बायकांसाठी चांगली बातमी असू शकतो.

रचनेचा आणखी एक फरक आहे. मिनिआपोलिसमध्ये एक पुरुष, एक बाई, एक फॉर्म. आपल्याकडे मारणारा एकटा नवरा असेलच असं नाही. सासू, दीर, नणंद. घर एकत्र, स्वयंपाकघर एकत्र. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने हे ओळखलं आणि शारीरिक मारहाणीसोबत मानसिक, आर्थिक हिंसाही व्याख्येत घेतली. हा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे: संरक्षण आदेश, राहत्या घराचा हक्क, खर्च, मुलांचा ताबा. आदेश मोडला तर मात्र गुन्हा. म्हणजे जबाबदार धरणं आणि आधार देणं ही दोन कपाटं कायद्याने एकाच खोलीत आणली. संरक्षण अधिकारी तिचा कौटुंबिक घटना अहवाल भरतो, तिला वकील, दवाखाना, निवारा यांच्याशी जोडून देतो आणि न्यायालयापुढेही उभा राहतो.

महाराष्ट्रात ही जोडणी कायद्याच्या आधीपासून करून पाहिली गेली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ पासून मुंबईत पोलिसांसोबत महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष चालवला. समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात बसते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केलं. तिथे पडून लागलं म्हणून आलेल्या बाईला नीट विचारणारं कुणीतरी असतं. ही कामं पुढे इतर ठिकाणी पसरली.

तुमच्यापैकी कुणाला या विषयात संशोधन करायचं असेल, तर इथे काम पडलंय. पण 'किती प्रकरणं मिटली' हा रकाना सहज हाताशी आहे म्हणून तोच निकाल धरू नका. 'मिटलं' म्हणजे ती परत नांदायला गेली, की वेगळी राहू लागली, की यायची थांबली? संरक्षण आदेश मिळाला, पण मोडल्यावर काय झालं? वर्षभराने तिच्या हातात पैसा आहे का, फोन तिचा तिच्याकडे आहे का, तिला झोप लागते का? आणि तिला हे विचारायला फोन कराल तेव्हा तो उचलणार कोण, हे आधी ठरवा.

शेवटी एक सराव. तुमच्या प्रबंधात जी मुख्य गोष्ट मोजणार आहात ती एका कागदावर लिहा. तिच्याखाली, तो आकडा सुधारलेला दिसेल पण माणसांची परिस्थिती बिघडलेली असेल, असे तीन मार्ग लिहा. विषय कोणताही असो, पेशी असोत, पिकं असोत की बायका. तीनही मार्ग लिहिता आले तर त्यातला प्रत्येक पकडायला तुमच्या रचनेत काय आहे ते बघा. मिनिआपोलिसच्या लेखकांनी अशांपैकी एक मार्ग मुलाखती घेऊन अडवला होता. बाकीचे दिसायला तीस वर्षं लागली.